मथुबाई नुसत्या आल्या

उमरोळीत मी जितकी वर्षं दवाखाना चालवला, तितक्या वर्षांत मथुबाई कुणाच्या घरात पुढच्या दारानं शिरल्याचं मला आठवत नाही. लग्नघर असो, बाळंतिणीचं घर असो, सरपंचाचं घर असो, त्या मागून यायच्या. परसातल्या केळी चुकवायच्या, न्हाणीच्या दगडावर पाय धुवायच्या आणि थेट चुलीपाशी. घरची माणसं ओटीवर बसलेली असायची आणि आत भांड्याचं झाकण वाजलं की कळायचं, मथुबाई आल्या.

माझी आणि त्यांची ओळखही अशीच झाली. सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि स्टेशनाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत मी. एका सकाळी बनियनवर दाढी करत होतो, तर आरशात माझ्या खांद्यामागे साठीच्या एक बाई दिसल्या. ठेंगण्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. माझ्या स्टोव्हपुढे उकिडव्या बसून त्या पातेल्याचं बूड निरखत होत्या.

"डाक्टर, तुजा स्टोव काजळी धरतो," त्या म्हणाल्या. "आणि तीन दिस तू चहापावावरच हायस."

मी जरा घुश्शातच विचारलं, आपण कोण, काय काम आहे.

"काम काय नाय. नुसती आले."

हे 'नुसती आले' मी पुढे हजारदा ऐकलं. मथुबाई कामासाठी कधीच कुठे जात नसत. पदराखाली तपेलीभर आमटी असली, काखेत कुणाची धुतलेली चादर असली, तरी त्या नुसत्याच आलेल्या असत. मागच्या दाराचं कारण मी एकदा विचारलं होतं. ओटीवर बसून चौकशी केली तर सगळे 'बरं हाय' म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं. चूल पेटली की नाही, पाणी भरलंय की नाही, काल रात्रीचं ताट घासलंय की नाही, हे आत गेल्याशिवाय दिसत नाही. माझी डॉक्टरकीची पाच वर्षं रोग्याची नाडी बघण्यात गेली होती. रोग्याचं पातेलं बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मागून नेण्याची. माझी कात्री नेली, ती दुसऱ्या दिवशी परत आणली आणि चाळण नेली. चाळण आणली, तेव्हा मच्छरदाणीची दोरी नेली. मला वाटलं, बाई गरीब असेल. मग कळलं, की त्यांची चांगली केळीची वाडी आहे, मोगरा आहे, घरात कशाची उणीव नाही. मी वैतागून आमच्या दूधवाल्याकडे तक्रार केली. तो हसला. म्हणाला, "मथूकाकी जो एकला ऱ्हातो त्याच्याकडनंच मागते. वस्तू परत द्यायला यावं लागतं ना." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात मी एकटा होतो आणि माझं बरं चाललेलं नाही, हे त्यांनी पहिल्याच सकाळी स्टोव्हवरून ओळखलं होतं.

पण मथुबाई म्हणजे काय चीज आहे हे मला खरं कळलं ते दामलेबाईंच्या दुखण्यात.

दामलेबाई पालघरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. उमरोळीत रुळांच्या पलीकडे त्यांनी छोटं कौलारू घर बांधलं होतं आणि तिथे त्या, भिंतीवरचं घड्याळ आणि दोन कपाटं पुस्तकं असा संसार होता. सगळं गाव त्यांना टरकून असे. पोस्टमनसुद्धा त्यांच्या फाटकात शिरताना शर्टाची वरची गुंडी लावायचा.

बाईंच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन पूर्वी झालं होतं. आता दुखणं हाडांत उतरलं होतं. मुंबईच्या इस्पितळानं तपासून, यापुढे करण्यासारखं काही नाही असं सांगून त्यांना घरी पाठवलं. तो कागद मला दाखवून बाई शांतपणे म्हणाल्या, की त्या हे घर सोडणार नाहीत. मी त्यांना ऐकवलं, की अशा स्थितीत एकटीनं राहता येत नाही. कुठेतरी भरती व्हा, नाहीतर पुण्याच्या भाच्याकडे जा. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फी काढून टेबलावर ठेवली. म्हणजे मी निघायचं होतं.

मी दोन कामवाल्या मिळवून दिल्या. पहिली चार दिवस टिकली. दुसरी "बाई, आज दूध नाय भेटलं" असं म्हणाली आणि त्याच दिवशी गेली. माणूस भेटतो, वस्तू मिळते, हे तिला बाईंनी तीनदा सांगितलं होतं.

मग एका दुपारी मथुबाई मागच्या दारानं आत शिरल्या. मी तिथेच इंजेक्शन भरत होतो. बाईंनी पलंगावरून आवाज दिला, कोण आहे म्हणून.

"मी मथू. नुसती आले. किसनी हाय का?"

"किसणी आहे का, असं विचारावं," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या दारानं यावं."

मथुबाई तोवर आत पोचल्या होत्या. फडताळातली किसणी घेतली, जाता जाता माठात डोकावल्या, चुलीवर हात धरून बघितला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी किसणी परत आली. सोबत वाटीभर दुधीची खीर. किसणीला धार नाही अशी मथुबाईंची तक्रार होती आणि पुरावा म्हणून त्यांनी खीर आणली होती. किसणी आपली असल्यामुळे बाईंना ती चाखून बघणं भाग पडलं. किसणी उत्तम आहे, असा निकाल त्यांनी दिला तेव्हा वाटी रिकामी झाली होती. आठवडाभर अन्नाला न शिवलेल्या बाई होत्या त्या.

तिथून दोघींचं युद्ध जुंपलं. मथुबाई 'नाय' म्हणायच्या, बाई 'नाही' म्हणायच्या. मथुबाई 'आमी' म्हणायच्या, बाई 'आम्ही'. ह्या भांडणाच्या आडून मथुबाई अंथरूण बदलत, पाठीला तेल लावत, कूस वळवून देत. बाईंच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण मथुबाई कधी 'कशा आहात' असं विचारत नसत. त्या सेवा करायला आलेल्या नव्हत्याच. नुसत्या आल्या होत्या, आणि बोलता बोलता हात चालत होता, एवढंच.

रात्री सोबतीला कोण, हा प्रश्न होता. मथुबाईंनी जाहीर केलं, की त्यांच्या घरात उंदीर झालेत, झोप लागत नाही. बाईंनी तत्काळ आपला उंदराचा पिंजरा दिला. मग मथुबाईंकडचे उंदीर पिंजरा ओळखणारे निघाले. चार दिवसांनी बाईंनी मधल्या खोलीतली चटई दाखवली आणि म्हणाल्या, "मथुरा, उंदीर जाईपर्यंत इथे झोपत जा." सगळं गाव मथू म्हणायचं, पण बाईंना अर्धवट नाव चालत नसे.

दिवसाच्या वेळेची तोड मथुबाईंनी आणखी वेगळी काढली. पूर्वेकडच्या पाड्यांवरची माणसं भात कापून झालं की वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मागे राहिलेल्या बायकांना कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र यायचं आणि ते वाचून दाखवायला कुणी सापडायचं नाही. मथुबाईंनी ह्या बायकांना बाईंचं घर दाखवलं. सकाळी एक, दुपारी एक, उन्हं उतरल्यावर एक. त्या ओटीवर बसायच्या, बाई उशीला टेकून पत्र वाचून दाखवायच्या, उत्तर लिहायच्या. पत्र लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनावर चिडायच्या. एखादीच्या नवऱ्यानं पोराची चौकशी केली नसेल तर उत्तरात त्याची खरडपट्टी काढायच्या. ती निघाली की दामलेबाई विचारायच्या, उद्या येशील ना. घरात तासा-दोन तासाला माणूस असायचं आणि त्यातल्या कुणालाही बाईंकडे लक्ष द्यायला सांगितलेलं नव्हतं, असं बाईंना वाटत असे. खरं म्हणजे प्रत्येकीला सांगितलेलं होतं.

मध्येच पत्रं आटली. तेव्हा एक बाई जुनंच पत्र घेऊन आली. दामलेबाईंनी दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. म्हणाल्या, हे मी मागच्या महिन्यात वाचलेलं आहे. मथुबाई आतून म्हणाल्या, "तवा मला नीट ऐकू आलं नाय. परत वाचा." बाईंनी ते संपूर्ण वाचलं. चष्मा काढताना त्यांच्या ओठांवर हसू होतं.

एवढं सगळं जमलं, तरी दुखणं कुणाच्या बापाचं ऐकत नव्हतं. माझ्या इंजेक्शनांनी तीन तास बरं वाटायचं, मग कळा. बाई ओरडत नसत. उशीचा अभ्रा दातांत धरायच्या. मुंबईच्या एका वयस्कर डॉक्टरांनी मला सांगितलं, की अशा दुखण्याला तोंडानं घ्यायचं मॉर्फिन असतं, कागदपत्रं करा, मी मिळवून देतो. मी कचरलो. सवय लागणाऱ्या औषधाबद्दल आम्हाला जेवढी भीती शिकवली होती तेवढा उपयोग शिकवला नव्हता. पंधरा दिवस मी आज करतो, उद्या करतो, करत राहिलो.

मथुबाई एका सकाळी दवाखान्यात आल्या, अर्थात मागून. आज त्यांच्या हातात काही नव्हतं.

"अवशद हाय म्हनतोस, मग आनत का नायस?"

मी म्हणालो, त्याची सवय लागते.

त्यांनी आवाज चढवला नाही. "लागू दे की. किती वरसं काडायची हायत तिला?"

 पुढची गाडी पकडून मी मुंबईला गेलो.

औषध कडू होतं. कोकम सरबतात घालून दर चार तासांनी द्यायचं होतं, दुखायला लागायच्या आधी. मी मथुबाईंना वेळा सांगायला लागलो, तेव्हा कळलं की त्यांना घड्याळ वाचता येत नाही. त्यांचा दिवस गाड्यांवर चाले. सकाळची शटल गेली की पहिला घोट, वलसाडची गाडी गेली की दुसरा, असं त्यांनी बोटांवर बसवून टाकलं. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी गाडीच दीड तास उशिरा आली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, बाईंना ते दिसत होतं, पण मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी पोचलो तेव्हा बाई घामानं भिजलेल्या होत्या आणि मथुबाई रुळांकडे तोंड करून दारात उभ्या होत्या.

मथुबाईंचा रडवेला चेहरा मी त्या दिवशी प्रथम पाहिला. औषध चढल्यावर बाईंनी त्यांना पलंगाशी बोलावलं. म्हणाल्या, "मथुरा, ते घड्याळ खाली काढ. उद्यापासून अर्धा तास शिकायचं."

साठी ओलांडलेल्या मथुबाई पाटीवर काटे काढायला बसल्या. मोठा काटा, लहान काटा. पावणे आणि सव्वा ह्यांत त्यांची फार गल्लत व्हायची. बाई त्यांना फटकारायच्या, त्या बाईंना उलट बोलायच्या. पाचव्या दिवशी मी गेलो, तर मला दारातच अडवून मथुबाईंनी सांगितलं, "दहाला चार कमी हायत. तू लवकर आलास." आतून बाईंचा आवाज आला, "आहेत." त्या आवाजात जी ऐट होती ती मी तिथे कधी ऐकली नव्हती. त्यानंतर औषधाची वेळ एकदाही चुकली नाही. बाई पुन्हा वाचायला लागल्या. एकदा तर ओटीपर्यंत चालत आल्या.

थंडी पडली त्या सुमाराला पुण्याहून भाचा आला. श्रीधर त्याचं नाव. बँकेत अधिकारी, सज्जन माणूस. गाडी घेऊनच आला होता. आत्या अशी एकटी, परक्यांच्या भरवशावर पडलेली, हे त्याला सहन होत नव्हतं आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. त्यानं माझं मत विचारलं. मी म्हटलं, दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर आजच घेऊन जा म्हणालो असतो. आता माझं मत बदललंय. मथुबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसून होत्या. एरवी त्यांनी कुणालाही अर्धं वाक्य पुरं करू दिलं नसतं. आज त्या चुलीत काटक्या सारत राहिल्या.

श्रीधरनं मोठी खोली, नर्स, चांगले डॉक्टर, सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"श्रीधर, तुझ्या घरी मी पाहुणी असेन," त्या म्हणाल्या. "इथे मी घरी आहे."

तो म्हणाला, "पण आत्या, इथे तुमचं आहे कोण?"

बाईंनी त्याला दोन दिवस राहून बघायला सांगितलं. तो राहिला. पहिल्या सकाळी पाड्यावरची एक बाई पत्राचं उत्तर लिहवून घ्यायला आली. बाईंचा हात कापत होता, म्हणून लेखणी श्रीधरकडे आली. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि त्याच्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. तो पन्नाशीचा अधिकारी त्या पाड्यावरच्या बाईसमोर खाली मान घालून पत्र पुन्हा लिहायला बसला. निघताना तो मला म्हणाला, की पुण्यात त्यानं आत्याची उत्तम काळजी घेतली असती, पण असं तिला कुणी रागावू दिलं नसतं. गाडी रिकामीच परत गेली. पुढे तो दर शनिवारी यायला लागला, मागच्या दारानं.

बाई माघात गेल्या, सकाळी अकराच्या सुमाराला. औषधानं कळा आवाक्यात होत्या. मथुबाई शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. बाईंनी डोळे उघडून किती वाजले विचारलं, मथुबाईंनी सांगितलं, बाईंनी मान हलवली. मी पोचलो तेव्हा शेंगांचं सूप बाजूला सारलेलं होतं आणि मथुबाई बाईंचे केस विंचरत होत्या. श्रीधर येईस्तोवर त्या हलल्या नाहीत.

तेराव्यानंतर चार दिवस त्या कुणाला दिसल्या नाहीत. मी चौकशीला त्यांच्या वाडीवर गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्या केळींना पाणी लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, की त्या आजारी नाहीत, मी माझे रोगी बघावेत. मी पाणी मागितलं, म्हणून त्या आत गेल्या. मागोमाग मीही गेलो. घर लख्ख होतं. चुलीवर एक छोटं पातेलं होतं. फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. मुलगा मुंबईला असतो, दिवाळीला येतो, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. उमरोळीत एकटं कोण कोण राहतं ह्याची यादी मला तोंडपाठ होती आणि तीत मथुबाईंचं नाव मी कधी घातलंच नव्हतं. कुणीच घातलं नव्हतं.

पाण्याचा तांब्या माझ्या हातात देऊन त्या उंबऱ्यावर टेकल्या. वाडीकडे बघत म्हणाल्या, "डाक्टर, माज्याकडं कोन येल रे?"

मी म्हणालो, "मी येईन."

"तुला पेज तरी करता येते?"

मला येत नव्हती. त्यांनी मला चुलीपुढे बसवलं. कण्या किती, पाणी किती, कधी ढवळायची, कधी उतरवायची. तासाभरानं झालेली पेज त्यांनी चमच्यानं चाखली आणि तोंड वाकडं केलं. मीठ कमी. पुढच्या रविवारी मीठ जास्त. त्यानंतर मी दर रविवारी पेज करायला वाडीवर जायचो. लग्न झालं, मुलं झाली, बोईसरपर्यंत कारखाने पसरले, तरी रविवार चुकवला नाही. दहा वर्षांत मिठाला त्यांनी एकदाही चांगलं म्हटलं नाही.

नव्वद साल उलटून गेल्यावर मथुबाईंच्या पोटात गाठ निघाली. त्यांनी मुलाला समजावून मुंबईला परत पाठवलं आणि घरीच राहिल्या. साडेपाच महिने. गावातल्या बायका पाळी लावून येत होत्या, पाड्यावरच्याही येत होत्या. औषधाला मी एक दिवसही उशीर केला नाही. त्यांना कुणी एकटं सोडलं नाही. सगळ्यांशी त्या शेवटपर्यंत भांडल्या.

अखेरच्या रविवारी मी घाईत होतो. दवाखान्यात दोन रोगी खोळंबले होते. पेज केली, वाटीत ओतली, त्यांना टेकवून बसवलं. त्यांनी दोन चमचे खाल्ले. फार वेळ घेऊन गिळले. मग माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आज मीठ बेताचं हाय," त्या म्हणाल्या.

मी खूश होऊन वाटी घेऊन आत आलो. उरलेली पेज टाकायच्या आधी सहज बोट लावून चाखली. मी मीठ घालायचंच विसरलो होतो.